ई-सॉप : शेअर कागदावर, कर रोखीत

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की आपल्या कॅन्टीनमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "पॅकेज किती?" समोरचा म्हणतो अठरा लाख. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण ऑफर लेटरचं दुसरं पान उलटून पाहिलं तर बऱ्याचदा असं दिसतं की रोख पगार बारा लाखच आहे आणि उरलेल्या सहा लाखांपुढे "ई-सॉप, चार वर्षांत" असं लिहिलेलं आहे. हे सहा लाख म्हणजे नेमकं काय, ते कधी मिळतात आणि त्यावर कर कोण, केव्हा भरतो, हे आपल्याला अभ्यासक्रमात कोणी शिकवत नाही. म्हणून हा लेख.

आपल्या उमरगा भागातल्या मुलांसाठी तर हा विषय आणखीच परका आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शेती. सोयाबीन, तूर, उडीद, पाणी असेल तिथे ऊस. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे घरात आयकराचा विषयच कधी निघत नाही. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराच्या मुलाने फॉर्म सोळा हा शब्द लहानपणीच ऐकलेला असतो. आपण तो पहिल्यांदा ऐकतो तो नोकरी लागल्यावर. आणि पहिल्याच नोकरीत ई-सॉप हातात पडला तर एकदम पोहायला विहिरीत ढकलल्यासारखं होतं.

आधी शब्द समजून घेऊ

ई-सॉप म्हणजे एम्प्लॉई स्टॉक ऑप्शन. यातला ऑप्शन हा शब्द महत्त्वाचा. कंपनी तुम्हाला शेअर देत नाही, ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क देते. आपल्याकडे जमिनीचं साठेखत करतात ना, आज भाव ठरवायचा आणि खरेदीखत पुढे करायचं, तसंच काहीसं. फरक एवढाच की साठेखतात घेणाराही बांधलेला असतो, इथे तुम्ही बांधलेले नसता. नको वाटलं तर घेऊ नका.

हक्क देण्याला ग्रँट म्हणतात. तो हक्क प्रत्यक्ष वापरण्याजोगा होण्याला व्हेस्टिंग. भारतात ग्रँट आणि व्हेस्टिंग यांच्यात निदान एक वर्षाचं अंतर लागतं, तसा नियमच आहे. व्हेस्ट झालेला हक्क वापरून, ठरलेले पैसे भरून शेअर घेणं म्हणजे एक्झरसाइज. आणि शेवटी तो शेअर बाजारात किंवा कोणाला तरी विकणं. ग्रँटवर कर नाही, व्हेस्टिंगवरही नाही. कर दोन ठिकाणी लागतो, एक्झरसाइजला आणि विक्रीला. सगळी गंमत, आणि सगळा घोळ, त्या पहिल्या ठिकाणी आहे.

इन्फोसिसचा खटला

कर नेमका कधी लावायचा यावर आपल्या देशात बरीच वर्षं भांडण चाललं होतं. त्यातला सगळ्यात गाजलेला खटला इन्फोसिसचा. ही कंपनी 1981 साली पुण्यात सुरू झाली आणि नंतर बंगलोरला गेली, हे आपल्याला ठाऊक असतंच. 1994 मध्ये तिने कर्मचाऱ्यांसाठी योजना काढली. एका ट्रस्टकडे वॉरंट दिले, ट्रस्टने ते निवडक कर्मचाऱ्यांना एक रुपयाला एक या दराने दिले. एका वॉरंटवर एकूण शंभर रुपयांत एक शेअर घेता यायचा. मात्र पाच वर्षं तो विकायचा नाही, आणि मध्येच नोकरी सोडली तर शेअर परत.

पुढे शेअरचा भाव कुठल्या कुठे गेला. आयकर अधिकाऱ्याने म्हटलं, बाजारभाव आणि शंभर रुपये यातला फरक हा पगाराचाच भाग आहे, कंपनीने त्यावर कर कापायला हवा होता. 1999-2000 या आकारणी वर्षासाठी हा फरक सुमारे 165 कोटी रुपये धरला गेला आणि 30 टक्के दराने कंपनीकडे 49 कोटींहून जास्त कर मागितला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी 2008 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की जो शेअर पाच वर्षं विकताच येत नाही त्याचा फायदा हातात आला असं म्हणता येणार नाही, तो फायदा कल्पनेतला आहे. शिवाय अशा शेअरवर कर लावणारं स्पष्ट कलम त्या वर्षांत कायद्यात नव्हतंच, आणि नंतर आलेलं कलम मागच्या वर्षांना लावता येत नाही.

वाचताना वाटतं, चला, सुटलो. पण तसं नाही. खटला चालू असतानाच सरकार कायदा बदलत होतं. 1999 च्या अर्थसंकल्पात कर एक्झरसाइजला लावला. 2000 मध्ये, सरकारी मार्गदर्शक नियमांत बसणाऱ्या योजनांसाठी, तो फक्त विक्रीच्या वेळी ठेवला. 2007 मध्ये फ्रिंज बेनिफिट टॅक्स म्हणून कंपनीच्या गळ्यात टाकला. 2009 मध्ये तो टॅक्सच रद्द झाला आणि ई-सॉपवरचा कर पुन्हा कर्मचाऱ्याच्या पगारात आला. दहा वर्षांत चार वेळा नियम फिरला! 2009 पासून मात्र तत्त्व तेच राहिलं आहे. 1961 च्या कायद्याच्या जागी आलेला 2025 चा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले तरी हे तत्त्व तसंच आहे.

ते तत्त्व असं : एक्झरसाइजच्या दिवशी शेअरची जी वाजवी किंमत, त्यातून तुम्ही भरलेले पैसे वजा करा. उरेल तो आकडा तुमच्या पगारात मिळवला जातो आणि त्यावर तुमच्या स्लॅबने कर लागतो. शेअर विकलात की नाही, विकता येतो की नाही, हे कोणी विचारत नाही. शेअर बाजारात नोंदलेला असेल तर त्या दिवशीच्या उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या भावाची सरासरी धरतात. नोंदलेला नसेल तर मर्चंट बँकर किंमत ठरवतो.

आडतीच्या भाषेत सांगायचं तर सोयाबीनची पोती अजून घरात आहेत, मोंढ्यात नेलेली नाहीत, आणि आजच्या भावाने तुमची पट्टी झाली असं धरून कर मागितला जातोय. उद्या भाव पडला तर तो तुमचा प्रश्न.

आकडेमोड करून पाहू

गणिताशिवाय इंजिनिअरचं समाधान होत नाही. समजा स्टँडर्ड डिडक्शन वजा जाऊन तुमचं करपात्र वेतन 14 लाख आहे. 2025-26 या आर्थिक वर्षाचे नव्या करप्रणालीचे दर धरू : चार लाखांपर्यंत शून्य, मग दर चार लाखांच्या टप्प्याला 5, 10, 15, 20, 25 टक्के आणि चोवीस लाखांच्या वर 30 टक्के. 14 लाखांवर कर होतो 90 हजार, चार टक्के सेस धरून 93,600.

आता तुमच्याकडे 2,000 ऑप्शन आहेत, ठरलेला भाव 50 रुपये. एक्झरसाइजच्या दिवशी शेअरची किंमत 650 रुपये. तुम्ही कंपनीला एक लाख रुपये भरता. फरक 600 गुणिले 2,000, म्हणजे 12 लाख, पगारात मिळवले जातात. करपात्र उत्पन्न 26 लाख. त्यावर कर 3,60,000 आणि सेससह 3,74,400. म्हणजे या एका व्यवहारामुळे वाढलेला कर 2,80,800 रुपये.

खिशातून गेले एक लाख अधिक 2,80,800, म्हणजे 3,80,800. खिशात आलं काय? डिमॅट खात्यात 2,000 शेअर. कागदावर तेरा लाख. कंपनी हा कर पगारातूनच कापते. पगार पुरला नाही तर पैसे भरायला सांगते, किंवा शेअर नोंदलेला असेल आणि योजनेत सोय असेल तर थोडे शेअर विकून कर वळता करून घेते.

पुढे भाव 650 वरून 250 वर आला असं धरा. सगळे शेअर विकून पाच लाख हातात. शेअरला भरलेला एक लाख वजा करता खरा फायदा चार लाख, आणि त्यावर कर आधीच 2,80,800 भरून झालाय. उरले 1,19,200. भाव 150 वर गेला तर विक्रीचे तीन लाख येतील आणि तुम्ही 80,800 रुपयांनी तोट्यात जाल. फायद्यावर कर भरून तोट्यात! या उदाहरणात 190 रुपये 40 पैशांच्या खाली भाव गेला की ऑप्शन न वापरणारा तुमच्यापेक्षा शहाणा ठरतो.

"मग तोटा झाला ना, भरलेला कर परत मिळेल की," असं कोणालाही वाटेल. नाही मिळत. भरलेला कर पगारावरचा आहे आणि झालेला तोटा भांडवली आहे. भांडवली तोटा पगारातून वजा करता येत नाही. रिटर्न मुदतीत भरलं तर तो आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण फक्त भांडवली नफ्यासमोर. माझ्या मते या विषयातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हेच.

भाव असा पडतो का? 18 नोव्हेंबर 2021 ला पेटीएमची मालक कंपनी बाजारात नोंदली गेली. शेअर विकला होता 2,150 रुपयांना. पहिल्याच दिवशी तो सत्तावीस टक्क्यांच्या आसपास खाली बंद झाला आणि साधारण वर्षभरात पाचशेच्या खाली गेला. अमेरिकेत याहून मोठं रामायण 2000 साली झालं. डॉट-कॉमच्या तेजीत सिलिकॉन व्हॅलीतल्या हजारो इंजिनिअरांनी ऑप्शन वापरून शेअर घेतले आणि धरून ठेवले. तिथल्या पर्यायी किमान कराच्या नियमाने कागदी फायद्यावर कर लागला, आणि कर भरायच्या वेळेपर्यंत शेअरची माती झाली होती. काहींची कराची रक्कम शेअरच्या उरलेल्या किमतीपेक्षा जास्त होती. अखेर 2008 मध्ये तिथल्या संसदेने अशा थकलेल्या कराला माफी दिली. आपल्याकडे अशी माफी झालेली नाही.

आमच्या गल्लीतला एक दादा पुण्यात एका छोट्या कंपनीत होता. नोकरी बदलताना त्याने व्हेस्ट झालेले ऑप्शन वापरायचं ठरवलं आणि कराचा आकडा ऐकून गावाकडे फोन केला. त्याचे आप्पा मोंढ्यात माल घालून आयुष्य काढलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "माल इकला नाही, अन् पैसे आधीच भरायलास व्हय? शेअर घेणारा गिऱ्हाईक तरी हाय का?" गिऱ्हाईक नव्हतं. कंपनी बाजारात नोंदलेली नव्हती. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडायची की ऑप्शन सोडून द्यायचे, असा हिशोब त्या घरात दोन रात्री चालला. शेवटी त्याने निम्मे वापरले आणि निम्मे सोडून दिले. ते बरोबर होतं की चूक, हे ती कंपनी पुढे काय करते त्यावर ठरेल. पण आप्पांचा प्रश्न एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटने विचारावा असाच होता.

नोकरी सोडताना

दादाची ही अडचण नेहमीची आहे. बऱ्याच योजनांत नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायला ठरावीक मुदत असते, कुठे तीस दिवस, कुठे नव्वद, कुठे काही वर्षं. मुदत संपली की हक्क गेला. म्हणजे पगार थांबण्याच्या वेळेलाच शेअरचे पैसेही भरा आणि करही भरा. म्हणून ऑफर लेटर हातात आल्यावर ऑप्शन किती हे विचारण्याआधी ही मुदत किती ते विचारावं. एचआरला वाईट वाटत नाही. वाटलं तर वाटू द्यावं.

स्टार्टअपसाठी 2020 मध्ये एक सवलत आली. पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्याचा एक्झरसाइजवरचा कर पुढे ढकलता येतो. शेअर मिळाले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षं, शेअर विकले तो दिवस, किंवा नोकरी सोडली तो दिवस, यातलं जे आधी येईल त्यानंतर चौदा दिवसांत कंपनीने तो वळता करायचा. ऐकायला छान आहे. पण यात दोन गोची आहेत. एक, नुसती स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता असून भागत नाही, आयकर सवलतीसाठीचं आंतर-मंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते असलेल्या कंपन्या मान्यताप्राप्त कंपन्यांतल्या थोड्याच आहेत. दोन, कर पुढे ढकलला जातो, कमी होत नाही. आकडा एक्झरसाइजच्या दिवशीच्या किमतीवरच पक्का झालेला असतो. पाच वर्षांनी कंपनी बुडालेली असली तरी तो भरावाच लागतो.

कर वाचवायचा सरळ मार्ग आहे तो तारखेचा. वरच्याच उदाहरणात 2,000 पैकी 1,000 ऑप्शन मार्चमध्ये आणि 1,000 एप्रिलमध्ये वापरले, भाव आणि पगार तोच राहिला, तर दर वर्षी सहाच लाख पगारात मिळतात. 20 लाखांवर कर सेससह 2,08,000. म्हणजे दर वर्षी जादा कर 1,14,400 आणि दोन वर्षांचा मिळून 2,28,800. एका महिन्याच्या अंतराने 52 हजार वाचले. दुसरा मार्ग म्हणजे कंपनी लहान असताना, शेअरची किंमत ठरलेल्या भावाच्या जवळ असताना, लवकर एक्झरसाइज करणं. फरकच कमी, म्हणून करही कमी. पण तेव्हा कंपनी टिकेल की नाही हेही माहीत नसतं. गेले तर गेले, असं म्हणता येईल एवढेच पैसे त्यात घालावेत.

विकताना

विक्रीवरचा कर त्यामानाने साधा आहे, पण एक जागा सांभाळायची. शेअर विकताना खरेदी किंमत कोणती धरायची? बरेच जण 50 रुपये धरतात, कारण भरले तेवढेच. ते चूक आहे. 600 रुपयांच्या फरकावर कर आधीच भरलाय, म्हणून खरेदी किंमत 650 धरायची. वरचेच शेअर 900 रुपयांना विकले तर नफा 250 गुणिले 2,000, पाच लाख. 50 धरले तर सतरा लाख दिसतील आणि बारा लाखांवर दुसऱ्यांदा कर बसेल. एक्झरसाइजच्या वेळचं किंमतीचं पत्र आणि त्या वर्षीचा फॉर्म सोळा म्हणूनच जपून ठेवायचा असतो.

23 जुलै 2024 पासूनचे दर असे : बाजारात नोंदलेला शेअर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकला तर वीस टक्के. आपल्या पाच लाखांवर सेससह पहिला कर 48,750 होतो आणि दुसरा 1,04,000. मुदत शेअर तुमच्या नावावर झाल्यापासून मोजतात, ग्रँटपासून नाही. न नोंदलेल्या शेअरला चोवीस महिने लागतात, आणि सव्वा लाखाची सूट नाही. त्याआधी विकला तर नफा सरळ स्लॅबमध्ये. या नफ्यावर कोणी कर कापून घेत नाही, आगाऊ कर आपणच भरायचा, नाहीतर व्याज लागतं.

हैदराबाद आपल्याला हायवेने सरळ, त्यामुळे आपली बरीच मुलं तिथल्या अमेरिकन कंपन्यांत जातात. त्या कंपन्या ऑप्शनऐवजी आरएसयू देतात. त्यात भाव भरावा लागत नाही, शेअर व्हेस्ट होऊन खात्यात आले की त्यांची पूर्ण किंमत पगारात मिळते. बहुतेक वेळा कंपनी काही शेअर तिथल्या तिथे विकून कर भरून टाकते, म्हणून शंभर शेअर व्हेस्ट झाले तरी खात्यात सत्तरच्या आसपास दिसतात. घाबरू नका, कोणी चोरले नाहीत. परदेशी बाजारात नोंदलेला शेअर आपल्या कायद्याला मात्र न नोंदलेलाच वाटतो, म्हणून चोवीस महिन्यांचा नियम.

आणि एक गोष्ट जी पुष्कळ हुशार माणसंही विसरतात. परदेशी कंपनीचा एक शेअर जरी नावावर असला तरी रिटर्न भरणं सक्तीचं आहे आणि त्यात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावा लागतो, विकला नसला तरी. हा तक्ता एप्रिल ते मार्च असा न भरता जानेवारी ते डिसेंबर असा कॅलेंडर वर्षाने भरतात. 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्यात ही माहिती न देण्याला दहा लाख रुपये दंड आहे. ऑक्टोबर 2024 पासून, स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. पण तक्ता भरण्यातून सुटका नाही, आणि दहा-पंधरा वर्षं नोकरी केलेल्याचे शेअर वीस लाखांच्या वर कधी जातात ते त्याचं त्यालाही कळत नाही.